कामठ्याची जमीनदारी आणि लिमरिकचा तह

गोंदिया तालुक्यातला कामठा आज एक साधा गाव आहे. नागपूरजवळची छावणीची कामठी वेगळी. दोनशे वर्षांपूर्वी मात्र या कामठ्याच्या नावावर मोठी जमीनदारी होती आणि ती भोसल्यांच्या राज्यात एका कुणबी घराण्याकडे होती.

नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांच्या फौजेचा इंग्रजांकडून पराभव झाला. पुढच्या वर्षी इंग्रजांनी आप्पासाहेबांना कैद करून अलाहाबादकडे रवाना केले, पण मे 1818 मध्ये वाटेतून ते निसटले आणि महादेवाच्या डोंगरांत गोंड सरदारांच्या आश्रयाला गेले. नागपूरच्या गादीवर लहानगा रघूजी बसवला गेला. कारभार इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती आला. अशा वेळी कामठ्याच्या चिमणा पाटलाने आप्पासाहेबांच्या बाजूने बंड उभारले. कॅप्टन गॉर्डन तुकडी घेऊन चालून आला, कामठ्याचा गड हल्ला करून घेतला गेला आणि चिमणा पाटील पकडला गेला. जमीनदारी कुणबी घराण्याकडून काढून एका लोधी घराण्याला देण्यात आली.

हरलेल्याची जमीन काढायची आणि आपल्या भरवशाच्या माणसाला द्यायची, ही रीत इंग्रजांच्या अंगवळणी पडलेली होती. तिचा सर्वांत मोठा प्रयोग आयर्लंडात झाला होता.

तिथे 1690 मध्ये बॉइन नदीकाठी कॅथलिक राजा दुसरा जेम्स प्रोटेस्टंट विल्यमकडून हरला. ऑक्टोबर 1691 मध्ये लिमरिक शहराने तह केला. शरण येणाऱ्यांच्या जमिनी राहतील, कॅथलिकांना दुसऱ्या चार्ल्सच्या काळाइतकी धर्माची मोकळीक मिळेल, असे वचन त्यात होते. त्या भरवशावर जेम्सच्या बाजूचा सेनापती सार्सफील्ड हजारो सैनिकांसह फ्रान्सला निघून गेला. लढणारी माणसे समुद्रापार गेल्यावर डब्लिनच्या प्रोटेस्टंट पार्लमेंटला वचन पाळण्याची गरज वाटली नाही. हा सरळ विश्वासघात होता.

1695 पासून कायद्यांची रांग लागली. कॅथलिकाने शस्त्र बाळगायचे नाही, पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा ठेवायचा नाही, मुलाला शिकायला परदेशी पाठवायचे नाही, शाळा चालवायची नाही. 1728 मध्ये मताचा हक्कही गेला. सर्वांत घातक होता 1704 चा कायदा. कॅथलिक बापाची जमीन सगळ्या मुलांत समान वाटली जाई, मात्र थोरल्याने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला तर ती अखंड त्याच्याकडे. नवी जमीन विकत घेण्यास बंदी, आणि कूळ म्हणून घेतली तरी 31 वर्षांहून जास्त मुदत नाही. एकाच घरात बापाविरुद्ध मुलगा उभा राहावा, अशी ही रचना. 1641 मध्ये आयर्लंडातली निम्म्याहून अधिक जमीन कॅथलिकांची होती. आधी इंग्रज सेनापती क्रॉमवेलने आणि मग विल्यमने केलेल्या जप्त्यांनंतर 1703 मध्ये ती सुमारे 14 टक्क्यांवर आली आणि या कायद्यांनी पुढे आणखी घटली.

कामठ्यात असे काही झाले नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. इथे एका घराण्याची मालकी गेली. कुणब्यांच्या देवधर्मावर बंदी आली नाही आणि जातीच्या किंवा धर्माच्या नावाने वारसाहक्क तोडला गेला नाही. उलट मध्य प्रांताच्या कायद्याने पुढे जमीनदाऱ्या अखंडच राखल्या. आयर्लंडात शिक्षा श्रद्धेला होती, कामठ्यात राजनिष्ठेला. पण दोन्हीकडे नवा धनी सरकारच्या मर्जीवर उभा होता. जमिनीच्या मालकीतून इमानदार वर्ग घडवण्याची युक्ती एकच होती.

आयर्लंडात बेदखल घराण्यांचे दुःख ईगन ओ'राहिलीसारख्या कवींनी आयरिश भाषेत नोंदवून ठेवले. कॅथलिक नेता डॅनियल ओ'कॉनेलच्या चळवळीपुढे झुकून इंग्लंडने 1829 मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडले, तेव्हा ती आठवण जिवंत होती. चिमणा पाटलाची गोष्ट मात्र मुख्यतः जिंकणाऱ्यांच्या अहवालांत आणि भंडारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये उरली, कारण 1999 पर्यंत गोंदिया भंडाऱ्याचाच भाग होता. कामठा, आमगाव, तिरोडा भागातल्या जुन्या घरांत सनदा, वहिवाटीचे कागद किंवा आजोबांच्या तोंडच्या हकिकती असतील, तर त्या आताच उतरवून घ्याव्यात आणि जिल्ह्याच्या शाळांनी चिमणा पाटलाचे नाव मुलांना सांगावे.