मिक्सोमा, हृदयातील

हृदयाच्या कप्प्याच्या आतल्या अस्तरावर, बहुधा देठाने लटकत वाढणारी मऊ, बुळबुळीत, कर्करोगी नसलेली गाठ. प्रौढांच्या हृदयातच मूळ धरणाऱ्या अर्बुदांत ही नेहमी आढळणारी. अर्थात ‘नेहमी’ हा शब्द बेतानेच घ्यायचा. शवविच्छेदनांच्या जुन्या नोंदींत हृदयातल्या मूळच्या गाठींचे प्रमाण दहा हजारांत दोनच्या आसपास भरते. दुसऱ्या अवयवातला कर्करोग हृदयात पसरल्याची उदाहरणे त्याच्या किमान वीसपट. मिक्सोमा बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, आणि बहुतेक रुग्ण तिशी ते साठीतले.

चारांपैकी तीन मिक्सोमा डाव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात सापडतात. उरलेल्यांपैकी बहुतेक उजव्या अलिंदात. खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत, फारच थोडे. दोन अलिंदांमधल्या पडद्यावर एक अंडाकृती खळगा असतो. गर्भावस्थेत तिथून रक्त पलीकडे जात असते आणि जन्मानंतर ती वाट बुजते. गाठीचा देठ बहुधा या खळग्याच्या काठालाच चिकटलेला असतो. काही गाठी गुळगुळीत व घट्ट असतात. काही मात्र सोललेल्या ताडगोळ्यासारख्या चकाकणाऱ्या, लिबलिबीत, द्राक्षाच्या घोसासारख्या झुबकेदार असतात, आणि बोट लागले तरी त्यांचे तुकडे सुटतात. आकार बोराएवढ्यापासून मोसंबीएवढा. सूक्ष्मदर्शकाखाली भरपूर श्लेष्मल द्रव्यात विखुरलेल्या, ताऱ्यासारखे फाटे फुटलेल्या पेशी दिसतात.

अशा गाठीला वैद्यक ‘सौम्य’ म्हणते, कारण ती शेजारच्या ऊतीत घुसत नाही आणि सहसा दुसरीकडे रुजत नाही. पण इथे हा शब्द फसवा आहे. दंडावरची चरबीची गाठ माणूस जन्मभर बाळगतो. तेवढीच गाठ डाव्या अलिंदात असली, तर प्रत्येक ठोक्याला ती लोलकासारखी झुलते, द्विदल झडपेच्या तोंडाशी येते आणि रक्ताची वाट अडवते. मग चालताना धाप लागते, रात्री झोपेतून उठून बसावे लागते, कधी एकदम भोवळ येते. गाठ झडपेत घट्ट अडकून बसली, तर क्षणात मृत्यूही येतो.

ही सगळी लक्षणे झडप अरुंद झाल्याचीच. भारतात संधिवाताच्या तापाने अरुंद झालेल्या झडपा डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातल्या असल्याने गाठीची शंका लवकर येत नाही. जुन्या पिढीचे डॉक्टर अशा वेळी रुग्णाला आधी बसवून, मग कुशीवर वळवून पुन्हा स्टेथोस्कोप लावत. गाठ जागची हलली की आवाज बदलतो. झडपच खराब असेल, तर तो एवढा बदलत नाही. काही रुग्णांत गाठ झडपेपाशी थबकताना एक बोदा ‘धप्’ असा आवाज येतो. तो ऐकू आला तर निदान निम्मे झालेच, पण तो हमखास येत नाही.

दुसरा धोका तुकड्यांचा. गाठीचा कण किंवा तिच्यावर साचलेली गुठळी रक्ताबरोबर वाहत जाऊन मेंदूच्या रोहिणीत अडकली की पक्षाघात होतो, पायाच्या रोहिणीत अडकली की पाय थंड आणि पांढरा पडतो. तरुण वयात, रक्तदाब किंवा मधुमेह नसताना पक्षाघात झाला, तर हृदयाची इको करावी लागते ती यासाठीही. पायातून काढलेली गुठळी टाकून न देता तपासणीला पाठवावी. हृदयात गाठ आहे हे पहिल्यांदा त्या बारक्या तुकड्यातून कळल्याची उदाहरणे आहेत. तिसरा प्रकार आणखी चकवणारा. बारीक ताप, वजन घटणे, सांधे दुखणे, रक्ताच्या तपासणीत ईएसआर वाढलेला. गाठीच्या पेशी इंटरल्यूकिन-६ हे द्रव्य सोडतात, त्याचा हा परिणाम. असा रुग्ण कधी क्षयाच्या, कधी संधिवाताच्या औषधांवर महिनेच्या महिने राहू शकतो.

हृदयातल्या गाठीचे वर्णन इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ रेआल्दो कोलंबो यांनी १५५९ मध्येच केले होते. पुढची सुमारे चारशे वर्षे मात्र ती शवविच्छेदनातच दिसत राहिली. १९५२ मध्ये क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य रक्तात सोडून घेतलेल्या चित्रात डाव्या अलिंदातला मिक्सोमा रुग्ण जिवंत असताना ओळखला गेला. त्याच सुमारास अमेरिकेत हेन्री बान्सन यांनी हृदयाकडे येणारे रक्त थोडा वेळ थोपवून उजव्या अलिंदातली गाठ काढली, पण तो रुग्ण महिन्याभरातच दगावला. रक्त थोपवून मिळणारी दोन-चार मिनिटे या कामाला पुरणारी नव्हती. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने अलिंदांच्या पडद्यातले छिद्र बुजवले, आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९५४ मध्ये, स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी तशाच यंत्राच्या आधाराने डाव्या अलिंदातला मिक्सोमा यशस्वीपणे काढला. यंत्राने चालवलेल्या उघड्या हृदयावरील अगदी सुरुवातीच्या यशस्वी शस्त्रक्रियांत ही एक. निदानाचा प्रश्न सोडवला तो त्याच स्वीडनमध्ये इंगे एडलर आणि हेलमुथ हर्ट्झ यांनी सुरू केलेल्या ध्वनिलहरींच्या तपासणीने. १९५९ मध्ये जर्मनीत तिच्याद्वारे डाव्या अलिंदातली गाठ ओळखली गेली. आज साध्या इकोत ती पडद्यावर झुलताना रुग्णाला स्वतःलाही दिसते.

निदान झाले की शस्त्रक्रिया लांबवत नाहीत. गाठ विरघळवणारे औषध नाही. थांबतात ते मुख्यतः नुकताच मोठा पक्षाघात झालेल्या रुग्णासाठी. यंत्रावर घेताना रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन भरपूर द्यावे लागते आणि त्याने मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. किती दिवस थांबायचे, यावर शल्यविशारदांचे एकमत नाही.

शस्त्रक्रियेत बहुधा छातीच्या मधल्या हाडाला उभा छेद देतात. काही केंद्रांत उजव्या बरगड्यांमधल्या लहान छेदातूनही गाठ काढतात. महारोहिणीत आणि दोन्ही महानीलांत नळ्या घालून रुग्णाला ‘पंपावर’ घेतले जाते. एरवी नळ्या घालताना शल्यविशारद हृदय उचलून, चाचपून पाहतो. इथे महारोहिणीला चिमटा लागेपर्यंत हृदयाला शक्य तितका हात लावायचा नाही, कारण दाबाने सुटलेला कण थेट मेंदूकडे जाईल. चिमटा लागला की थंड, पोटॅशियमयुक्त द्राव सोडून हृदय थांबवतात. मग डावे अलिंद उघडून, किंवा उजव्या अलिंदातून मधल्या पडद्याला छेद देऊन, किंवा गाठ मोठी असेल तर दोन्हीकडून आत शिरतात.

खरे कौशल्य यापुढे. गाठ चिमट्याने धरून ओढली की तुटते. म्हणून धरायचे ते देठाच्या मुळाशी, पडद्याला. आणि देठाभोवतीचा निरोगी पडदाही थोडा घेऊन सगळे एकसंध बाहेर काढायचे. त्या वेळी तिथे साचलेले रक्त बरेच शल्यविशारद यंत्रात परत न घेता टाकून देतात. त्यानंतर कप्पा खारट द्रावाने धुऊन काढतात, चारही कप्पे आणि झडपा डोळ्यांखालून घालतात, गाठीच्या धक्क्यांनी झडप बिघडली असेल तर दुरुस्त करतात. पडद्याला पडलेले भोक लहान असेल तर टाके, मोठे असेल तर रुग्णाच्याच हृदयावरणाचे ठिगळ. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेत दगावणाऱ्यांचे प्रमाण सहसा शंभरात तीनच्या आत असते. नंतरच्या दिवसांत ठोके अनियमित होणे ही नेहमीची, बहुधा औषधाने आटोक्यात येणारी अडचण.

हृदयातल्या प्रत्येक सौम्य गाठीला मात्र सुरी लागत नाही. लहान मुलांत आढळणारा ऱ्हॅब्डोमायोमा बऱ्याचदा आपोआप आक्रसतो. रक्ताची वाट अडली किंवा ठोके बिघडले तरच शस्त्रक्रिया. फायब्रोमा आपोआप जात नाही, आणि स्नायूतच रुतलेला असल्याने काढणे अवघड. झडपेवरचा शेवाळासारखा झुबकेदार पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा झडप वाचवून खरवडून काढता येतो. अर्भकाच्या हृदयावरणातला टेराटोमा बाहेरून हृदय दाबतो आणि भोवती पाणी साचवतो, म्हणून तो तातडीने काढावा लागतो.

मिक्सोमा मुळासकट काढला की बहुतेकांना पुन्हा होत नाही. एकट्या, आनुवंशिक नसलेल्या गाठीत परतण्याचे प्रमाण शंभरात एक ते तीन. अपवाद कार्नी विकृतीचा. मेयो क्लिनिकमधले विकृतिशास्त्रज्ञ एडन कार्नी यांनी १९८५ मध्ये वर्णन केलेल्या या आनुवंशिक विकारात गाठी तरुणपणीच, एकाहून अधिक ठिकाणी होतात आणि काढल्या तरी दुसऱ्या कप्प्यात उगवतात. ओठांवर, पापण्यांवर तपकिरी ठिपके असतात, अंतःस्रावी ग्रंथींतही गाठी असू शकतात. बऱ्याच कुटुंबांत त्याचे मूळ सतराव्या गुणसूत्रावरील एका जनुकातल्या बदलात सापडते. आईवडिलांपैकी एकाकडून तो मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. अशा रुग्णाची इको दरवर्षी करतात; त्याच्या भावंडांची आणि मुलांचीही, त्यांना काहीही त्रास नसला तरी.