बदलीचे बेअरिंग

मोटारीच्या चाकाचे बेअरिंग घराच्या अंगणात, आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतःच्या हाताने बदलणाऱ्या गृहस्थाच्या धिटाईचे आपण कौतुक करतो. त्या धिटाईच्या पाठीशी मोठा इतिहास उभा आहे, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. जुना भाग काढून नवा बसविता येतो तो दोन्ही भाग हुबेहूब सारखे असतात म्हणून. आणि ही सारखेपणाची सिद्धी माणसाला फार उशिरा लाभली.

आपल्या बैलगाडीचा आस तुंब्यात घासत फिरे आणि गाडीखाली टांगलेल्या नळ्यातले वंगण तेवढे त्याची कुरकुर शमवी. घासण्याऐवजी लोळण्याची युक्ती वेल्समधील कार्मार्दन येथील लोहव्यावसायिक फिलिप व्हॉन याने योजिली. आस आणि चाक यांच्यामध्ये गोल छर्रे बसविण्याचे पेटंट त्याला १७९४ साली मिळाले. कल्पना निर्दोष होती. पण सारखे छर्रे घडविणार कोण? एखादा छर्रा केसभर मोठा असला की सारा भार त्याच्यावर येतो, तो फुटतो आणि जाताना आपली वाटही उखडून जातो.

पुढे सायकलीने ही निकड वाढविली. पॅरिसच्या ज्यूल स्युरिरे याने १८६९ मध्ये सायकलीच्या बेअरिंगचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी पॅरिस ते रुआँ ही शर्यत जेम्स मूर याने तशा बेअरिंगच्या सायकलीवर जिंकली. खरी क्रांती झाली ती १८८३ साली, जर्मनीतील श्वाइनफुर्ट गावी. फ्रीडरिश फिशर याने पोलादी छर्रे घासून एकाच मापाचे व अचूक गोल करणारे यंत्र तिथे सिद्ध केले. एका पेटीतला छर्रा दुसऱ्या पेटीतल्याची जागा घेऊ लागला. ‘बदली’ या शब्दाला यंत्रसृष्टीत अर्थ आला.

वळणावर चाकाला आडवा रेटाही सोसावा लागतो. त्यावर अमेरिकेतील गाड्यांचे कारखानदार हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये निमुळत्या रुळांचे बेअरिंग पेटंट केले. मोटारीने ते उचलले आणि घरगुती दुरुस्तीची वाट मोकळी झाली. गाडी जॅकवर उचलून भक्कम आधारावर टेकवावी, चाक उतरवावे, टोपी व स्प्लिट पिन काढून खाचांचा नट सोडवावा, की बाहेरचे बेअरिंग हातात येते. आतली पोलादी वाटी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ठोकून काढायची. नवी बसविताना ती तळाला टेकली की ठोक्याचा आवाज बदलतो. नवख्याने कान द्यायचा तो इथे. मग तळहाताने ग्रीस भरून, चाक फिरवीत नट आवळायचा आणि किंचित सैल करायचा. आवळ राहिला तर बेअरिंग जळते, ढिला राहिला तर चाक डगमगते.

एवढ्याशा वस्तूवर राष्ट्रांची मदार कशी असते, हे दुसऱ्या महायुद्धाने दाखविले. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी त्याच श्वाइनफुर्टच्या बेअरिंग-कारखान्यांवर हल्ला करताना अमेरिकेने ६० बॉम्बफेकी विमाने गमावली. परदेशी बेअरिंगवर विसंबलेल्या आपल्या देशात १९४६ मध्ये जयपूरला नॅशनल बेअरिंग कंपनी स्थापन झाली. पुढे साठीच्या दशकात पुण्याजवळ चिंचवडलाही स्वीडिश कंपनीच्या सहभागाने कारखाना उभा राहिला.

आजच्या बहुतेक मोटारींत बेअरिंग बंदिस्त येते. त्यात ग्रीस भरायचे नसते, अंतर जुळवायचे नसते. काहींत ते हबसकट बोल्टांनी बसते, तर काहींत दाबयंत्रावाचून जागचे हलत नाही. कानाची आणि तळहाताची पारख हळूहळू कारखान्याकडे गेली, याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे.

पण आपल्या वाचकांसारख्या परमुलखी राहणाऱ्यांना या इतिहासाची दुसरी बाजू अधिक जवळची वाटेल. ओळखीचा मिस्त्री दूर गावी राहिलेला, दुकानदाराची भाषाही परकी. अशा ठिकाणी जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक पुढे केला की पुरते. दुकानदार त्या क्रमांकाची पेटी काढतो, आणि हजार मैलांवर घडलेले पोलाद आपल्या चाकात बिनचूक बसते.