पेटी उघडताना

छायाचित्रणाच्या इतिहासात 'ब्राउनी'चा उल्लेख येतो तो बहुधा किमतीसह. फेब्रुवारी १९०० मध्ये अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीने हा कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला. फिल्मचे पंधरा सेंट वेगळे. रचना फ्रँक ब्राउनेल यांची. नाव पामर कॉक्स यांच्या बालपद्यांतील बुटक्या यक्षांवरून आलेले. 'छायाचित्रण सामान्यांच्या हाती आले' हे वाक्य मग आपण सगळेच लिहितो. ते कशामुळे आले, हे पेटी उघडल्यावर अधिक कळते.

आमच्यापुढे आहे ती १९०१ साली निघालेल्या 'नंबर २ ब्राउनी'च्या कुळातली, पुठ्ठ्याची. फिल्म गुंडाळण्याची किल्ली बाहेर ओढून मागचे झाकण उघडले की आतला सांगाडा सरकून हाती येतो आणि पेटी जवळजवळ रिकामी होते. एक भिंग, स्प्रिंगवर फिरणारी पत्र्याची चकती, छिद्रांची पट्टी, दृश्य पाहण्यासाठी दोन चिमुकले आरसे. भिंग मागेपुढे करण्याची सोयच नाही. यंत्र स्वस्त झाले ते वापरणाऱ्याचे निर्णय काढून घेऊन.

साफसफाईही तशी थोडकीच. चकती भिंगाच्या पुढे असल्यामुळे शटर उघडे धरून मऊ ब्रशाने धूळ काढायची, मग किंचित ओलसर कापड. तेल घालण्याचा मोह टाळावा. ते धूळच धरून ठेवते.

हात थांबतो तो आरशांपाशी. पारा उडालेल्या आरशावर कापड जरा जोरात फिरले तर उरलासुरला पाराही निघून येतो. नवा आरसा कापून बसवणे सोपे आहे, आणि त्यात दिसेल ते पहिल्या ग्राहकाने पाहिलेल्याच्या अधिक जवळचे असेल. मग जुना आरसा कशाचा पुरावा? मधल्या सगळ्या वर्षांचा. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना हा पेच नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तरी राजवाड्यांना नाथपूर्व पोथीचा ध्यास लागलाच. (तुलना जड वाटेल, पेटी दोन डॉलरची होती!) आम्ही आरसे तसेच ठेवले. दृश्य धुरकट दिसते.

मागची लाल काच मात्र पुसून लख्ख केली. फिल्मच्या पाठकागदावरचे आकडे तिच्यातून वाचायचे असत. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, म्हणून उजेडातही ही खिडकी निर्धोक होती. पुढे लाल रंग पाहणारी फिल्म आली आणि तीच खिडकी धोक्याची ठरली. याच कॅमेऱ्यासाठी निघालेली १२० क्रमांकाची फिल्म आजही तयार होते. ती घालायची, तर खिडकी झाकायला हवी. आम्ही काळी पट्टी लावली आहे, काढता येईल अशी.