पुण्याची नासिकासंधान-क्रिया : ग्रंथ आणि हस्तपरंपरा

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्यानजीकच्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तान्त छापला. इंग्रजी फौजेतील गाडीवान कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला; त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. सुमारे वर्षभराने एका वीटकऱ्याने त्याला नवे नाक घडविले.

साधने अल्पच होती. मेणाच्या पातळ पत्र्याने नाकाचे माप घेऊन ते कपाळावर आखले. तेवढी त्वचा सोडविली. परंतु भुवयांमधील लहानसा दुवा राखला, कारण त्वचेचे पोषण त्यातूनच होई. मग ती फिरवून नाकाच्या जागी बसविली. टाक्यांचा उल्लेख नाही. ओल्या काताचा लेप दिलेल्या कापडी पट्ट्या चार दिवस होत्या, नंतर तुपात भिजविलेले फडके. रुग्णास पाच-सहा दिवस उताणे निजविले. दुवा छेदला तो सुमारे पंचविसाव्या दिवशी. कौशल्य छेदाइतकेच या शुश्रूषेत होते.

या क्रियेचे श्रेय सरसकट सुश्रुतास दिले जाते. पण सुश्रुतसंहितेत माप पानाचे, त्वचा गालाची. पुण्यास माप मेणाचे, त्वचा कपाळाची. म्हणजे ही विद्या केवळ पोथीतून आलेली नव्हे. ती हातांनी जतन केली व पालटलीही. लंडनमध्ये कार्प्यू याने १८१४ मध्ये हीच रीत अनुसरली व १८१६ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. त्याचे नाव इतिहासात राहिले, रुग्णाचेही राहिले. वीटकऱ्याचे मात्र त्या वृत्तान्तात नोंदलेच गेले नाही.