नार्नियाच्या सात कथा : आरंभ कोठून करावा?

एकाच लेखकाचीं परस्परसंबद्ध अशीं अनेक पुस्तकें समोर असलीं म्हणजे तीं कोणत्या क्रमानें वाचावीं, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक वाटतो. प्रकाशकानें पुठ्ठ्यावर आंकडे छापलेले असतात. एकापासून आरंभ करावा आणि सातापाशीं थांबावें, यांत विचार तो कसला करावयाचा? परंतु हे आंकडे कोणी, केव्हां आणि कशाच्या आधारें घातले असें विचारूं लागलें, कीं या क्षुल्लक प्रश्नाखालीं एक सबंध इतिहास दडलेला आढळतो. इंग्रजी बालवाङ्मयांतील नार्नियाच्या सात कथांविषयीं तर हें विशेषच खरें आहे. या कथा आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनही मुलांच्या हातीं पडतात. आणि त्या कोणत्या क्रमानें पडाव्या, हें बहुधा आईबापच ठरवितात. म्हणून या वादाची हकीकत सांगून त्याविषयींचें आमचें मत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या कथांचे कर्ते क्लाइव्ह स्टेपल्स लुइस हे १८९८ सालीं बेलफास्ट येथें जन्मले. ऑक्सफर्ड येथें व पुढें केंब्रिज येथें इंग्रजी वाङ्मयाचें अध्यापन हा त्यांचा व्यवसाय होता. १९३६ सालचा ‘दि ॲलिगरी ऑफ लव्ह’ हा ग्रंथ मध्ययुगीन काव्याच्या अभ्यासकांत मान्यता पावलेला आहे. अशा पंडितानें वयाच्या पन्नाशींत मुलांसाठीं परीकथा लिहाव्या, याचें त्या वेळीं कित्येकांस नवल वाटलें असल्यास आश्चर्य नाहीं. १९५० सालीं ‘दि लायन, दि विच अँड दि वॉर्डरोब’ म्हणजे सिंह, चेटकीण आणि कपाट यांची कथा प्रसिद्ध झाली. नंतर दरवर्षीं एक याप्रमाणें ‘प्रिन्स कॅस्पियन’ (१९५१), ‘दि व्हॉयेज ऑफ दि डॉन ट्रेडर’ (१९५२), ‘दि सिल्व्हर चेअर’ (१९५३), ‘दि हॉर्स अँड हिज बॉय’ (१९५४), ‘दि मॅजिशियन्स नेफ्यू’ (१९५५) आणि ‘दि लास्ट बॅटल’ (१९५६) हीं पुस्तकें बाहेर पडलीं. पुढील विवेचनांत सोयीसाठीं आम्ही त्यांना कपाटाची कथा, कॅस्पियनची कथा, गलबताची कथा, खुर्चीची कथा, घोड्याची कथा, भाच्याची कथा आणि शेवटच्या लढाईची कथा असें म्हणूं. ‘नेफ्यू’ या शब्दानें पुतण्याचाही बोध होतो; पण या कथेंतील जादूगार हा मुलाच्या आईचा भाऊ असल्यामुळें मराठींत त्यास भाचाच म्हटलें पाहिजे.

प्रकाशनाचा क्रम हा असा सरळ आहे. परंतु नार्निया या कल्पित देशांत ज्या क्रमानें गोष्टी घडतात, तो याहून निराळा. भाच्याच्या कथेंत नार्नियाची उत्पत्ति वर्णिलेली आहे. म्हणजे सहावें आलेलें पुस्तक कालदृष्ट्या पहिलें ठरतें. घोड्याच्या कथेची गोष्ट त्याहून चमत्कारिक आहे. कपाटाच्या कथेंतील चार भावंडें शेवटच्या प्रकरणांत नार्नियाचीं राजेराण्या होऊन राज्य करतात. त्या राजवटींतच घोड्याची सारी कथा घडते. अर्थात् कालक्रम कांटेकोरपणें पाळावयाचा, तर एक पुस्तक संपण्यापूर्वींच तें मिटून दुसरें उघडावें लागेल! शेवटची लढाई मात्र कोणत्याही हिशेबानें शेवटचीच. वाद आहे तो आरंभाचा. अंताविषयीं दोन्ही पक्षांचें एकमत आहे.

या दोन क्रमांखेरीज तिसराही एक क्रम आहे, तो लेखनाचा. घोड्याची कथा खुर्चीच्या कथेपूर्वीं लिहून झाली होती, पण छापून मागाहून निघाली. याचा पुरावा खुद्द ग्रंथांतच सांपडतो : खुर्चीच्या कथेंत राजवाड्यांतील एक अंध कवि घोड्याची ही कथा दरबारापुढें सांगतो, आणि कथा ऐकण्यासारखी आहे पण ती सांगण्यास आतां वेळ नाहीं, अशा अर्थाचें वाक्य लेखक घालून ठेवतो. १९५३ च्या वाचकाला हा उल्लेख कशाचा, हें कळण्याचा मार्ग नव्हता. त्याचा उलगडा १९५४ सालीं झाला. भाच्याच्या कथेचा इतिहास तर अधिकच बोधप्रद आहे. कपाटाच्या कथेंत एक लहान मुलगी कपाटांतून पलीकडे जाते, तों बर्फाच्छादित रानांत मधोमध एक दिव्याचा खांब जळत असलेला तिला दिसतो. हा खांब तेथें आला कसा, असें लुइस यांचे मित्र रॉजर लॅन्सेलिन ग्रीन यांनीं त्यांना विचारलें. उत्तर म्हणून लुइस यांनीं उत्पत्तीची कथा लिहावयास घेतली. पण ती कांहीं केल्या जमेना, म्हणून तशीच टाकून दिली. मधलीं पुस्तकें होऊन गेल्यावर ती पुन्हां हातीं घेतली, आणि सातांत सर्वांत शेवटीं पुरी झाली ती हीच. सारांश, जी कथा कालदृष्ट्या पहिली, ती लेखनदृष्ट्या अखेरची. आणि तिचा जन्म कपाटाच्या कथेच्या एका वाचकानें विचारलेल्या प्रश्नांतून झालेला आहे.

आतां क्रमाच्या वादाकडे वळूं. एप्रिल १९५७ मध्यें एका अमेरिकन मुलाला लुइस यांनीं एक पत्र लिहिलें. पुस्तकें कालक्रमानें वाचावीं असें त्या मुलाचें म्हणणें होतें. प्रकाशनाचाच क्रम योग्य, असें त्याच्या आईचें. लुइस यांनीं कौल मुलाच्या बाजूनें दिला. मात्र तेवढ्यावर ते थांबले नाहींत. ही माला आधीं योजून लिहिलेली नव्हती; पहिलें पुस्तक लिहितांना आणखी लिहूं अशी कल्पनाही नव्हती; तिसऱ्यानंतर तर आतां हें शेवटचें अशी त्यांची खात्री होती; तेव्हां कोणत्या क्रमानें वाचलीं तरी बहुधा फारसें बिघडत नाहीं, असा खुलासा त्यांनीं पुढें जोडला. बाकीचीं सर्व पुस्तकें छापलीं त्याच क्रमानें लिहिलीं होतीं कीं काय, याचीही आपल्याला खात्री देववत नाहीं, अशी त्यांनीं कबुली दिली.

लुइस १९६३ सालीं निवर्तले. अमेरिकेंत मॅकमिलन कंपनीच्या प्रतींवर प्रकाशनक्रमाचे आंकडे पुढेंही दीर्घकाळ छापले जात होते. १९९४ सालीं मात्र हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेनें सर्वत्र एकच कालक्रम लागू केला. लुइस यांचे सावत्र पुत्र डग्लस ग्रेशम यांची याला संमति होती, आणि लेखकाच्या मूळ इच्छेस अनुसरून हा क्रम घातला आहे, अशा आशयाची टीप पुस्तकांतून छापण्यांत आली. तेव्हांपासून भाच्याची कथा पहिली आणि कपाटाची दुसरी झाली.

आमच्या मतें येथेंच इतिहासाच्या अभ्यासकानें थबकलें पाहिजे. पत्र हा उत्तम पुरावा होय. पण तें कोणी, कोणास, कोणत्या हेतूनें लिहिलें, हें पाहिल्यावांचून त्याचें मोल ठरत नाहीं. एका वडीलधाऱ्या गृहस्थानें दूरदेशींच्या एका बालवाचकाची भूमिका उचलून धरावी, यांत सौजन्य आहे. शिवाय त्याच पत्रांत क्रम विशेष महत्त्वाचा नाहीं हेंही स्पष्टपणें म्हटलें आहे. पत्राचा पूर्वार्ध घेऊन त्याची आज्ञा बनवावयाची आणि उत्तरार्ध सोडून द्यावयाचा, ही पुराव्याची न्याय्य मांडणी नव्हे. प्रतिपक्षास अनुकूल असा आणखी एक आधार आहे, तोही सांगितला पाहिजे. मृत्यूच्या थोडेसेच दिवस आधीं पफिन मालेच्या संपादिका के वेब लुइस यांना भेटल्या. तेव्हां कथांतील न जुळणारे दुवे जुळवून त्या तपासून देण्याचें त्यांनीं मान्य केलें होतें. तें काम झालें असतें, तर कदाचित् ग्रंथ कालक्रमाला सोयीचा झाला असता. परंतु तें झालें नाहीं. आज आपल्यापुढें आहे तो न तपासलेला ग्रंथ. आणि त्याची साक्ष काय, हें पाहणें प्राप्त आहे.

ही साक्ष निःसंदिग्ध आहे. कपाटाच्या कथेंत ॲस्लान या सिंहाचें नांव प्रथम उच्चारलें जातें, तेव्हां मुलांच्या अंगावर रोमांच उभे राहतात. तो कोण हें त्या मुलांना ठाऊक नव्हतें, जसें वाचका तुलाही ठाऊक नाहीं, अशा अर्थाचें लेखकाचें तेथें निवेदन आहे. भाच्याची कथा आधीं वाचलेल्या मुलानें तर ॲस्लानला गातांना आणि त्या गाण्यानें सारें जग उत्पन्न करतांना पाहिलेलें असतें! म्हणजे प्रकाशकानें पुठ्ठ्यावरचा आंकडा बदलतांच आंतील वाक्य खोटें पडलें. उलट भाच्याच्या कथेच्या पहिल्याच परिच्छेदांत, आपल्या जगांतून नार्नियांत जाणें-येणें कसें सुरू झालें हें कळावें म्हणून ही कथा महत्त्वाची, असें सांगितलें आहे. ज्यानें नार्नियाचें नांवही ऐकलेलें नाहीं, त्याला हें महत्त्व कशाचें वाटावें?

कालक्रमाच्या पुरस्कर्त्यांची बाजू अगदींच पोकळ आहे असें मात्र नाहीं. लुइस हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. जगाच्या उत्पत्तीपासून प्रलयापर्यंतचा एक अखंड पट सात कथांतून उलगडतो, आणि त्यास बायबलाच्या आद्यंतांचा घाट आहे, हें कोणीही मान्य करील. हा घाट कालक्रमानें वाचतां विशेष स्पष्ट होतो. शिवाय लहान मुलांना ‘मग पुढें काय झालें?’ हाच प्रश्न सुचतो. मागें उडी घेणाऱ्या कथेनें त्यांचा गोंधळ उडेल, अशी भीति वाटणेंही स्वाभाविक आहे. परंतु घाट दिसण्यासाठीं मूर्ति आधीं परिचयाची असावी लागते. तो आनंद दुसऱ्या वाचनाचा आहे. आणि गोंधळाविषयीं म्हणाल, तर आजीच्या तोंडून गोष्ट ऐकतांना ‘त्याच्या आधीं काय झालें होतें?’ असें विचारणारें मूल कोणत्या घरांत नाहीं?

आपल्याकडील वाचकाला तर या प्रकाराचें नवल वाटण्याचें मुळींच कारण नाहीं. महाभारताच्या आदिपर्वाच्या पहिल्याच अध्यायांत, कोणी भारताचा आरंभ मनूपासून मानतात, कोणी आस्तीकापासून, तर कोणी उपरिचरापासून, असें सांगून ठेविलें आहे. ‘आरंभ कोठून करावा?’ हा प्रश्न आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथानें स्वतःच विचारलेला आहे. चिंतामणराव वैद्यांसारख्या विद्वानांनीं तर या तीन आरंभांवरून ग्रंथ तीन वेळां वाढल्याचें अनुमान काढलें. रामायणाचें बालकांडही बव्हंशीं मागाहून जोडलेलें असावें, असें अनेक पंडित मानतात. तात्पर्य, मोठ्या कथांचा आरंभ पुष्कळदां शेवटीं रचला जातो. आधीं नायक लोकांच्या मनांत घर करतो. मग लोक त्याच्या जन्माची चौकशी करतात. आणि मग कवीला पूर्वकथा सांगावी लागते. नार्नियाच्या बाबतींत ही सारी प्रक्रिया एका पिढींत, एका लेखकाच्या हातून आणि तारीखवार घडली, एवढाच फरक.

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ विचारूं नये, असें आपण म्हणतों. तरीही माणूस तें विचारतोच. फक्त नदीच्या कांठीं कांहीं काळ राहिल्यावर विचारतो. घाट, देऊळ, पूर यांच्याशीं ओळख झाल्यावर उगमाची ओढ लागते. नदी न पाहिलेल्यास उगम दाखविला, तर त्याला केवळ एक झरा दिसतो. दिव्याचा खांब रानांत कसा आला, कपाटाचें लाकूड कोणत्या झाडाचें, वृद्ध प्राध्यापक मुलीच्या विलक्षण हकीकतीवर इतका सहज विश्वास कसा ठेवतो, हे प्रश्न कपाटाची कथा वाचणाऱ्या मुलाच्या मनांत नकळत सांठत जातात. पांच पुस्तकांनंतर भाच्याच्या कथेंत त्यांचीं उत्तरें मिळतात, तेव्हां जो हर्ष होतो तो प्रश्न आधीं पडल्याचा हर्ष असतो. उत्तरें प्रथम देऊन टाकलीं, तर प्रश्नच उरत नाहीं.

या वादांत खरें पणाला लागलें आहे तें हेंच. पुस्तक दहा वेळां वाचतां येतें. पण प्रथम एकदांच वाचतां येतें. कालक्रमानें वाचण्याची संधि मुलाला जन्मभर आहे. न जाणतां वाचण्याची संधि एकदां गेली कीं गेली. एका तरुण मनाचें तें पहिलें विस्मय पुठ्ठ्यावरील एका आंकड्यासाठीं आपण खर्चीं घालावें कीं काय, याचा विचार पालकांनीं अवश्य करावा. चित्रपट काढणारांनींही २००५ सालीं आरंभ केला तो कपाटाच्या कथेपासूनच. व्यवहारी माणसांनाही कथेचा दरवाजा कोठें आहे हें उमगलें होतें.

म्हणून आमचा अभिप्राय असा, कीं प्रथम वाचनीं प्रकाशनाचा क्रम पाळावा. घोड्याची कथा थोडी अलीकडे-पलीकडे झाली तरी हरकत नाहीं. पण कपाटाची कथा भाच्याच्या कथेच्या आधीं आणि शेवटची लढाई सर्वांच्या शेवटीं, हे दोन नियम मोडूं नयेत. कालक्रम दुसऱ्या वाचनासाठीं राखून ठेवावा. १९९४ नंतर छापलेला संच घरीं आला असेल, तर ज्यावर दोनाचा आंकडा आहे तें पुस्तक आधीं मुलाच्या हातीं द्यावें, आणि एकाचें पुस्तक त्यानें स्वतः होऊन मागेपर्यंत कपाटांतच असूं द्यावें.