ब्राउझर आपोआप चालतो, पण त्याला सांगतं कोण?

आमच्या युसूफ वडगावात, म्हणजे केज तालुक्यात, पीकविम्याचा फॉर्म म्हटलं की सेवा केंद्रावर माणूसच एकेक रकाना भरतो. हे काम यंत्राला शिकवायची गोष्ट मात्र जुनी आहे, २००४ची. शिकागोत थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्स यांनी वेबपानं आपोआप तपासायला सेलेनियम बनवलं. नाव भारीये बघा: स्पर्धक कंपनी मर्क्युरी, म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर उतारा सेलेनियम, असा तो विनोद! पुढे २०१८मध्ये वेबड्रायव्हर डब्ल्यूथ्रीसीचं मानक झालं, २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट आलं.

मला खरा रस त्यापुढे आहे. २०२५मध्ये एआय एजंटसाठी आलेलं प्लेराइट एमसीपी शक्यतो पानाचा फोटो बघत नाही, ॲक्सेसिबिलिटी ट्री वाचतं. अंध माणसाचा स्क्रीन रीडर ज्यावर चालतो, तीच यादी: हे बटण, हा रकाना, याचं नाव अमुक. रकान्याला नावच दिलेलं नसेल तर दोघंही अडतात. एजंट तर अंदाजही लावतो. गट नंबरच्या जागी खाते नंबर गेला, तर भोगणार शेतकरीच ना?

शिवाय टूलची माहिती पूर्वी माणसं वाचायची, आता मॉडेल वाचतं आणि त्यावरून कुठलं टूल वापरायचं ते ठरवतं. म्हणून मी फोनवरच मराठीत नोंदी लिहायला घेतल्यात. 'क्लिक'पुढे पहिलंच वाक्य आहे: अर्ज सादर करण्याआधी थांब, भरलेलं सगळं शेतकऱ्याला वाचून दाखव. सध्या गाव निवडायच्या यादीवर अडलोय, कारण वडगाव नावाची गावं किती, विचारू नका.