आश्रय आणि उद्योग : केडगांवचें मुक्ति सदन

इंदापूर तालुक्यांतील कळंब हें गांव नीरा नदीच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. शेजारींच वालचंदनगर असून भोंवतालीं उसाचे मळे पसरलेले आहेत. दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास या टापूंत बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात आणि शेतांच्या कडेला त्यांच्या कोपी उभ्या राहतात. आजची ही हिरवळ पाहून हा मुलूख एके काळीं दुष्काळाचें माहेरघर होता, हें कोणास खरें वाटणार नाहीं. परंतु नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८० नंतरच्या दशकांत वाहूं लागण्यापूर्वीं इंदापूर आणि त्याच्या पश्चिमेचा भीमथडी हे पुणें जिल्ह्यांतील अत्यंत होरपळलेले तालुके होते. १८७६-७७ च्या दुष्काळांत येथील पुष्कळ कुटुंबांनीं घरदार सोडून परमुलखाची वाट धरिली होती.

या भीमथडीचें ठाणें बारामतीस असे, आणि सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगांव हें लहानसें स्थानक याच तालुक्यांत मोडत असे. आज तें दौंड तालुक्यांत आहे. जेथून माणसें पोटासाठीं बाहेर पडत, त्याच उजाड माळावर १८९७ सालापासून दूरदूरच्या प्रांतांतील निराधार स्त्रिया आश्रयासाठीं येऊं लागल्या. त्यांना आणणारी बाई स्वतः दुष्काळांतून वांचलेली होती. तिचें नांव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीला व मुलींना संस्कृत शिकविलें आणि त्यापायीं जनांचा रोष पत्करिला. तीर्थयात्रा करीत हिंडणाऱ्या या कुटुंबाला १८७० नंतरच्या दुष्काळांत अन्नास मुकावें लागलें. आई, वडील आणि थोरली बहीण एकामागून एक गेलीं. उरलेलीं दोघें भावंडें हजारों मैल पायीं चालत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढें भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं झालेला विवाहही दोन वर्षांतच वैधव्यांत संपला. पदरीं तान्ही मुलगी मनोरमा होती. विद्वत्तेचा लौकिक झाला तरी निराधारपण म्हणजे काय, हें या बाईला पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें.

इंग्लंड व अमेरिका येथील प्रवास आटोपून रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडलें. उच्चवर्णीय बालविधवांसाठीं काढलेल्या या शाळेस अमेरिकेंतील रमाबाई असोसिएशननें दहा वर्षें पैसा पुरविण्याचें मान्य केलें होतें. तेथें आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखची गोदूबाई जोशी. ती आठव्या वर्षीं विधवा झालेली. शिक्षणाबरोबरच स्वतःच्या पायांवर उभें राहण्याची उमेद तिला तेथें मिळाली. मार्च १८९३ मध्यें तिनें धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई झाली. त्याबद्दल मुरूडच्या गांवकऱ्यांनीं कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. त्याच आनंदीबाईंनीं म्हातारपणीं ‘माझें पुराण’ हें आत्मचरित्र सांगून मराठी वाचकांना उपकृत केलें.

१८९० सालीं सदन पुण्यास आलें आणि थोड्याच काळांत वादांत सांपडलें. रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडांत ख्रिस्ती झाल्या होत्या. सदनांतील कांहीं मुली त्यांच्या प्रार्थनेस बसतात हें समजतांच ‘केसरी’नें झोड उठविली. न्यायमूर्ति रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीं १८९३ सालीं राजीनामे दिले आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. यापुढें पुण्याच्या सुशिक्षित समाजाचा हात सदनाच्या पाठीवर राहिला नाहीं.

अशा स्थितींत १८९६ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतील बातम्या ऐकून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रांत व कामांवर त्यांना जें दिसलें, तें उपासमारीहूनही भयंकर होतें. घरचे पुरुष मेलेले किंवा पांगलेले, आणि तरुण मुली उघड्यावर पडलेल्या. त्यांना भाकरीचें आमिष दाखवून पळवून नेणारे दलाल गावोगांव फिरत होते. ज्यांनीं रक्षण करावयाचें, त्या मुकादमांवर आणि शिपायांवरही विश्वास ठेवण्याची सोय नव्हती. दुष्काळानें बाईच्या अंगावरील मांस झडतें, परंतु तिच्यावरील अत्याचार करणारा मात्र माणूसच असतो, ही गोष्ट रमाबाईंनीं तेव्हां लिहून प्रसिद्ध केली. १८९७ सालीं त्यांनीं अशा सुमारें ३०० मुली व स्त्रिया आणल्या.

पण ठेवावयाच्या कोठें? पुण्यांत प्लेग शिगेस पोहोंचला होता आणि शहरांत नवीं माणसें आणण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. संस्थेस पुढेंमागें स्वतःचें उत्पन्न असावें म्हणून रमाबाईंनीं केडगांवीं सुमारें १०० एकर जमीन आधींच घेऊन ठेविली होती. त्या माळावर तंबू आणि झोंपड्या उभ्या राहिल्या. हेंच पुढें मुक्ति सदन झालें. त्याच वर्षीं पुण्याच्या प्लेग-इस्पितळांत स्त्रियांची होणारी दुर्दशा रमाबाईंनीं ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रांतून उघडकीस आणिली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं त्यांचें म्हणणें खोडून काढण्याचा प्रयत्न केला. स्वजन दुरावलेले आणि सरकार रुष्ट झालेलें, अशा दुहेरी एकाकीपणांत हें काम उभें राहिलें.

आलेल्या मुलींची अवस्था सांगण्यापलीकडची होती. अंगावर चिंध्या, डोक्यांत उवा, शरीरावर फोड, आणि मनांत प्रत्येक माणसाविषयीं संशय. ताटांतील भाकरी उद्यां मिळेल याचा भरंवसा नसल्यामुळें ती लपवून ठेवण्याची संवय अनेकींना जडलेली. भाषा निराळ्या, जाति निराळ्या. कित्येकी पोहोंचल्यावरही वांचल्या नाहींत. अशा शेंकडों जिवांना सांभाळण्यास पगारी माणसें आणावयाचीं कोठून?

याचें उत्तर शारदा सदनांतच तयार झालेलें होतें. पुण्याच्या सदनांत शिकलेल्या जुन्या विद्यार्थिनी पुढें आल्या आणि त्यांनीं नव्या मुलींचीं पथकें वांटून घेतलीं. जी कालपर्यंत स्वतः अनाथ विधवा म्हणून आली होती, ती आज दहा-वीस जणींची शिक्षिका, परिचारिका आणि थोरली बहीण झाली. न्हाऊं घालणें, जखमा बांधणें, अक्षर गिरवून घेणें, रात्रीं दचकून उठणाऱ्या मुलीपाशीं बसणें, हें सर्व काम या स्त्रियांनीं केलें. पुढें १८९९-१९०० च्या छपन्नाच्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी शेंकडों जणी आल्या आणि सदनाची संख्या २,००० च्या घरांत गेली, तेव्हां १८९७ सालीं आलेल्या मुली या नव्या मुलींच्या थोरल्या बहिणी झाल्या होत्या.

मुक्ति सदनाच्या कामाचें मर्म येथें आहे. ज्या बाईवर अत्याचार झालेला असतो, तिला उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. दया करणारेही भेटतात. परंतु जी स्वतः त्याच वाटेनें आली आणि आज किल्ल्यांचा जुडगा कमरेस लावून कोठार सांभाळते आहे, तिला नुसतें पाहिल्यानें जो धीर येतो, तो शंभर व्याख्यानांनीं येत नाहीं. आपणही अशा होऊं शकूं, ही गोष्ट तिला कोणी समजावून सांगावी लागत नाहीं.

दुसरें मर्म उद्योगाचें. माळावर विहिरी खणल्या गेल्या, फळबाग आणि भाजीपाला झाला, गोठा झाला. धोतरें-लुगडीं विणण्यास माग आले, तेलास घाणी आली. शिवणकाम, भरतकाम, दळण-कांडण, रांधण, धुणें, बुरूडकाम अशीं नाना कामें शिकविलीं जात. बुद्धीनें चपळ असत त्यांना शिक्षिकेचें किंवा परिचारिकेचें शिक्षण मिळे. अंध स्त्रियांसाठीं वेगळा विभाग होता. त्यांना ब्रेल लिपि आणि टोपल्या विणणें शिकवीत. या कामीं मनोरमाबाईंनीं फार मेहनत घेतली. सर्वांत नवलाची गोष्ट छापखान्याची. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें, आणि त्याचे खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतचें काम सदनांतील स्त्रियांनीं केलें. मनोरमाबाई १९२१ सालीं वारल्या, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं गेल्या, आणि तें संपूर्ण बायबल १९२४ सालीं केडगांवींच छापून पुरें झालें. ज्या मुलींना दुष्काळानें रस्त्यावर फेंकलें, त्यांच्या हातांनीं हा ग्रंथ सिद्ध झाला.

या चित्राला दुसरी बाजूही आहे, आणि ती झांकणें योग्य होणार नाहीं. ज्यांच्यावर अत्याचार झाले किंवा ज्यांना परिस्थितीनें वाईट मार्गास लोटलें, त्यांच्यासाठीं कृपा सदन नांवाचें निराळें घर होतें. त्यामुळें त्यांना संरक्षण मिळालें. पण निराळेपणाचा शिक्काही थोडाबहुत बसलाच. शिवाय सदनांतील फार मोठ्या संख्येनें स्त्रियांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. जिला दुसरें दार उघडें नाहीं, तिची संमति कितपत स्वतंत्र मानावी, असा प्रश्न विरोधक विचारीत. तो प्रश्न निरर्थक नव्हता. परंतु तो विचारणाऱ्यांपैकीं किती जणांनीं आपलें दार उघडलें होतें, हा उलट प्रश्नही तितकाच खरा होता.

दार उघडणारे निघाले, हें मात्र महाराष्ट्राचें भाग्य. आनंदीबाईंचे पति धोंडोपंत कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनीं हिंगण्यास दिलेल्या सहा एकर जागेवर झोंपडी बांधून १९०० सालीं आश्रम तेथें गेला. हिंगण्याची घडी निराळी, धर्माचा प्रश्नही तेथें नव्हता. तरी थोरल्या बहिणीची ती जुनी रीत तेथेंही दिसते. आनंदीबाईंची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमांत शिकावयास आल्या, पुढें तेथेंच काम करूं लागल्या, आणि आश्रमासाठीं गांवोगांव वर्गणी मागत हिंडल्या. याच निमित्तानें त्या अमेरिकेसही जाऊन आल्या. कालची आश्रित आज आश्रमाचा आधार झाली, असें हें दुसरें उदाहरण.

१९०९ सालीं पुण्यांत रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं सेवासदन निघालें. तेथील स्त्रियांना १९११ पासून ससून इस्पितळांत परिचारिकेचें शिक्षण मिळूं लागलें. रोग्याची शुश्रूषा हें काम त्या वेळीं पांढरपेशा घरांत हलकें मानीत. सेवासदनानें त्याला प्रतिष्ठा दिली आणि नोकरीची वाट खुली केली. येथें केडगांवची एक उणीव भरून निघाली. मुक्ति सदनाचा उद्योग बव्हंशीं सदनाच्या कुंपणाआंतच फिरत असे. बाहेरच्या समाजांत आपल्या कमाईवर राहण्याचा रस्ता त्यांतून थोड्यांनाच मिळाला. हिंगणें आणि सेवासदन यांनीं शिक्षिका व परिचारिका या दोन वाटांनीं तो रस्ता रुंद केला. आश्रय, थोरली बहीण आणि हातांतील धंदा हीं तीन अंगें केडगांवीं सिद्ध झालीं. बाहेर पडण्याची वाट हें चौथें अंग पुण्यांत बळावलें. चारांपैकीं एकही कमी पडलें कीं बाई पुन्हा जेथून निघाली तेथेंच जाऊन पडते.

हा इतिहास केवळ जुना म्हणून सांगण्यासारखा नाहीं. २००५ सालीं कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा कायदा झाला आणि सामाईक घरांत राहण्याचा हक्क बाईला मिळाला. २०१५ पासून ‘सखी’ नांवाचीं केंद्रें निघालीं. तेथें तात्पुरता आसरा, औषधपाणी आणि कायद्याचा सल्ला एके ठिकाणीं मिळतो. हीं साधनें मोलाचीं आहेत. परंतु कायदा छप्पर देऊं शकतो, थोरली बहीण देऊं शकत नाहीं; आणि चार दिवसांचा आसरा संपल्यावर पांचव्या दिवसाची भाकरी कोठून यावयाची, हा प्रश्न १८९७ सालीं होता तसाच आहे.

कळंबच्या फडावर आजही परजिल्ह्यांतील बाई पहांटे कोयता घेऊन उभी असते. तिची मजुरी पुष्कळदां नवऱ्याच्या मजुरीशीं जोडून एकाच कोयत्याची म्हणून धरली जाते, आणि उचल त्याच्या हातीं पडते. कोपीला दार नसतें, गांव ओळखीचें नसतें. तिच्यावर हात पडला तर तिनें कोणाच्या उंबऱ्याशीं जावें? केडगांव येथून फार दूर नाहीं. तेथें शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं या प्रश्नाचें उत्तर लिहिलें गेलें, आणि तें लिहिणाऱ्या पुष्कळशा बायका त्या गांवीं परक्या म्हणूनच आल्या होत्या.